शिशिरच्या नावाचे दाणे

कबुतरांले मी शिव्या देते, हे खरं आहे. बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात, काकू, मुक्या जिवांले काहून बोलता? मुके कुठले आले बाई! उजाडत नाही तर यांचं घुमणं सुरू, ते दिवे लागेपर्यंत. बाल्कनीत घाण, खिडकीत घाण, वाळत घातलेल्या पातळावर घाण. यांचा मुडदा बशिवला! चिमण्यांनी कधी असा उच्छाद मांडला नव्हता. जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी तांदूळ निवडायले बसली की चिमण्या पायाशी यायच्या, आरशाशी भांडायच्या. इथं तेलीबांध्यात आल्यापासून मी एक चिमणी पाहिली नाही. कावळा बी नाही. सगळी जागा या मेल्यांनी घेतली.

अन् या मेल्यांले दाणे टाकणारा माणूस माझ्याच घरात.

आमचे हे, अच्युतराव, सिंचन विभागातून रिटायर झालेले. आयुष्यात कोणाशी आवाज चढवून बोलले नाही. ती कसर मी भरून काढली. शिशिर आमचा एकुलता एक. त्याचं ऑफिस नवा रायपूरले, जायले-यायले सोपं पडावं म्हणून तात्यापाऱ्यातलं घर विकून हा फ्लॅट घेतला. वर्षभर बी राहिला नाही पोट्टा त्यात. त्याच नव्या, गुळगुळीत रस्त्यावर एका ट्रकनं त्याच्या मोटारसायकलले उडवलं. त्याले आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ झाली की हे एका स्टीलच्या वाटीत कनकी घ्यायचे. कनकी म्हणजे तांदळाचा चुरा. इकडं राईस मिल गल्लोगल्ली, त्यामुळे कुठंबी मिळते. ती वाटी घेऊन बाल्कनीत उभे राहायचे. पहिले चार-दोन कबुतरं यायची. मंग त्यांचे मामे-मावसे आले. शेवटी अशी दाटी व्हायची की कठडा दिसायचा नाही.

गेल्या वर्षी सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच, कबुतरं. लोकेश आमचा सेक्रेटरी, छत्तीसगढी पोट्टा, डोक्यानं तल्लख. त्यानं उभं राहून सगळं सांगितलं. गच्चीवरच्या सोलरच्या पाट्या घाणीनं झाकल्या, त्यामुळे वीज अर्धी बी बनत नाही. टाकीत पिसं सापडली, टाकी उपसावी लागली. तीन घरच्या एसीत घरटी निघाली, मशिनी गेल्या. रंगकामासाठी जमवलेला सगळा पैसा आता जाळ्यांमध्ये जाणार, अन् लिफ्टची दुरुस्ती अजून एक वर्ष पुढं.

मी म्हटलं, "लोकेश, हे आले कुठून इतके?"

"काकीजी, ये यहाँ के थे ही नहीं," तो म्हणाला. "लोगों ने पाले, छोड़ दिए, अब आवारा हो गए. इनको पेड़ नहीं चाहिए. सिमेंट का छज्जा मिल गया, दाना मिल गया, बस. बाकी चिड़ियों को टिकने नहीं देते. दुनिया भर के शहर परेशान हैं."

"दाना कौन डालता है?" मागून कोणी तरी बोललं.

सगळ्यांनी आमच्याकडं पाहिलं. हे मान खाली घालून बसले होते, शाळेत पकडलेल्या पोरासारखे. आता खरं म्हणजे मी सकाळीच यांच्याशी त्याच गोष्टीवरून भांडून आली होती. पण चारचौघांत माझ्या नवऱ्याकडं असं पाहायचं? मी उभी राहिली अन् म्हटलं, "ज्याच्या घरी पोरगं गेलं असेल त्यानं पहिले विचारा. बाकीच्यांनी गप बसा." मीटिंग तिथंच संपली. हव, हव, काकीजी, म्हणत लोकेशनं कागद गुंडाळले. जाळ्या लावायचं मात्र ठरलं.

घरी आल्यावर यांनी मले चहा करून दिला. मी म्हटलं, "चहानं काही होत नाही. उद्यापासून बंद करा." दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी.

मंग मले खोकला लागला.

पहिले वाटलं धूळ असेल, ऋतू बदलला असेल. काढे झाले, सितोपलादी झालं, वाफा झाल्या. खोकला काही जाईना. कोरडा, छातीतून ओढून काढल्यासारखा. सदर बाजारात मी आयुष्यभर हिंडली, गर्दीत दुकानदारांशी हुज्जत घालत, पण त्या दिवाळीत तिथं एका सोनाराच्या पायरीवर मले बसावं लागलं. श्वासच पुरेना. यांनी धावत पाणी आणलं. म्हणे, "गोदावरी, तू आता मुकाट्यानं डॉक्टरकडं चल."

छातीची डॉक्टर तरुण बाई होती. फोटो काढले, मंग ते मोठ्या मशीनमधलं स्कॅन. फोटो उजेडासमोर धरून तिनं पहिला प्रश्न विचारला, "माताजी, घर में कबूतर हैं?"

मी म्हटलं, "हम कबूतरों के घर में हैं."

ती हसली नाही. तिनं समजावून सांगितलं. कबुतरांच्या विष्ठेचा, पिसांचा बारीक भुकटा हवेत उडतो, तो श्वासातून आत जातो. सगळ्यांले बाधत नाही, पण ज्याले बाधते त्याची फुफ्फुसं आतून सुजतात, मंग वाळत जातात. "दवाई से सूजन उतरेगी. पर कबूतर नहीं हटे, तो दवाई का कोई मतलब नहीं. और जो हिस्सा कड़क हो गया, वो वापस नहीं आएगा."

हे माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसून होते. यांच्या मांडीवर माझी पिशवी होती. ते पिशवीचा बंद बोटाले गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "झालं. आजपासून बंद." मी त्यांचा चेहरा पाहिला अन् मलेच वाईट वाटलं, आता सांगा.

त्याच आठवड्यात जाळी लागली. हिरव्या रंगाची, बारीक नायलॉनची. लावणाऱ्यानं बाल्कनी खरवडून धुतली, दोन पोती घाण निघाली. यांनी कनकीचा डबा रिकामा करून धुवून उपडा ठेवला. मी गोळ्या खाऊ लागली. तोंड सुजलं, हातपाय सुजले, पण छाती मोकळी होत गेली. एक दिवस यांनी दुधावर लक्ष ठेवलं नाही अन् दूध उतू गेलं. मी यांले एका दमात चांगली चार वाक्यं सुनावली, मधे कुठं थांबावं लागलं नाही. हे हसले. म्हणे, "औषध लागू पडलं."

पण ते टिकलं नाही. उन्हाळा सरता सरता खोकला पुन्हा आला, अन् पहिल्यापेक्षा जास्त आला. जेवताना दम लागायचा, अंबाडा घालताना दम लागायचा. डॉक्टरीण म्हणाली, घरात अजून कुठून तरी कबुतराचा भुकटा येऊन राहिला. मी शपथेवर सांगितलं, जाळी आहे, खिडक्या बंद आहेत, दाणा नाही. हे बाजूले बसून माझी फाईल उगाच चाळत होते.

मंग हॉलमध्ये ऑक्सिजनचं मशीन आलं, भाड्यानं. दिवसरात्र त्याचा घरघर आवाज. यांची पेन्शन त्या मशीनमध्ये अन् माझ्या गोळ्यांमध्ये जाऊ लागली. लोकेश म्हणाला, फ्लॅट विकून नागपूरले तुमच्या बहिणीजवळ जा. तर गिऱ्हाईक यायचं, बाल्कनीत उभं राहायचं, जाळीच्या पलीकडं छज्ज्यावर बसलेली कबुतरांची रांग पाहायचं, अन् किंमत अशी पाडायचं की हे मुकाट्यानं चहा विचारून वापस पाठवायचे. ज्या घरासाठी तात्यापारा सोडला, त्या घराले आता कबुतरांनी कवडीमोल केलं.

एका सकाळी मी यांचे कपडे धुवायच्या मशीनमध्ये टाकून राहिली होती. बाई आली नव्हती. कुर्त्याचा खिसा उलटा केला, तर फरशीवर कनकी सांडली.

मी तिथंच खाली बसली. कुर्ता नाकाशी नेला. खांद्यावर, बाहीवर पांढरी भुकटी होती. तोच वास, बाल्कनीचा. रोज सकाळी हे तलावाकडं फिरायले जातो म्हणून निघायचे. तलाव कुठला! लिफ्टनं वर गच्चीवर जायचे. दाणे टाकायचे, अन् तेच कपडे घेऊन घरात यायचे. माझ्या उशाशी बसायचे. माझी पाठ चोळून द्यायचे त्याच हातांनी.

हे खाली आले तेव्हा मी हॉलमध्ये बसली होती, नाकात नळी, हातात कुर्ता.

"हे काय आहे?"

हे दारातच थांबले. "बाल्कनीत नाही टाकत मी," म्हणाले. "वर टाकतो. इतक्या वर. मले वाटलं, तिथून खाली काय येणार?"

"तुमच्या अंगावर येऊन राहिलं ना!"

"मले वाटलं नाही असं."

खोटं बोलत नव्हते. यांले खरंच वाटलं नव्हतं. सिंचन विभागात आयुष्य गेलं, पाणी कुठून कुठं झिरपते ते या माणसाले कळायचं, अन् आपल्याच कुर्त्याचं कळलं नाही. माझा राग इतका चढला की बोटाले लावलेल्या मशीनचा आकडा खाली गेला अन् ते वाजायले लागलं. यांनी धावत येऊन नळी नीट केली. मी हात झटकला.

"काहून?" मी विचारलं. "एक तरी गोष्ट सांगा मले. काहून?"

हे जमिनीवर बसले, माझ्या पायाशी. "तो येते ना तिथं," म्हणाले.

मले माहीत होतं. यांच्या तोंडून ऐकायचं होतं फक्त.

शिशिरचा दहावा आम्ही महादेव घाटावर केला, खारून नदीच्या काठी. बायांनी येऊ नाही म्हणत होते, मी गेली. पोरगं माझं, मले कोण अडवते? पिंड मांडला, अन् कावळ्याची वाट पाहत बसलो. कावळाच नाही. ऊन चढलं, विधी करणाऱ्या महाराजांनी घड्याळ पाहिलं, तरी नाही. मंग रीत असते तसे एकेक जण पुढं होऊन त्याची राहिलेली इच्छा बोलू लागले. यांची बहीण म्हणाली, तुझ्या आवडीची पुस्तकं वाचनालयाले देऊ. त्याचा मित्र शेखर म्हणाला, भाई, तुझ्या टीमचं काम मी पुरं करीन. काही नाही. शेवटी हे उठले. हात जोडून म्हणाले, "शिशिर, बाबा, तुझ्या आईची काळजी करू नको. मी तिले जपीन. शब्द देतो." तेवढ्यात देवळाच्या शिखरावरून एक कबूतर खाली उतरलं, एक पंख तपकिरी, बाकी पांढरं, अन् पिंडाले चोच लावली. महाराज दर्भाचा कावळा करायच्या तयारीत होते, ते म्हणाले, पक्षी तो पक्षी, चलता है. त्यांले उशीर झाला होता. पण यांले त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं. दहा दिवस दगडासारखा बसलेला माणूस ढसाढसा रडला. पोरगं आलं म्हणे, आलं.

मी तेव्हा काही बोलली नाही. कावळे या गावात उरले नाही अन् कबुतरं कुठल्याबी दाण्यावर उतरतात, एवढं मले समजत होतं. पण ते बोलून यांचं रडू थांबवायचं होतं का मी?

"तपकिरी पंखाचं एक रोज येते," हे आता म्हणाले. "मी ओळखतो."

"अन् शब्द काय दिला होता त्याले?" मी विचारलं.

यांनी माझ्या हातातल्या कुर्त्याकडं पाहिलं.

"कोणाले जपायचं म्हटलं होतं तुम्ही? मले, का कबुतराले?" दम लागत होता, तरी मी थांबली नाही. "टाका. टाकत राहा दाणे. मी गेली की दोघांच्या नावानं टाका. वाटी बी नवीन घेऊ नका, तीच पुरते."

असं मी बोलली. आयुष्यात यांले खूप बोलली, पण असं नाही. हे ऐकून यांचा चेहरा असा झाला की मले माझीच जीभ हासडून टाकावी वाटली. यांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी म्हटलं, उठा हो, नवऱ्यानं असं करू नाही. उठले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून हे माझ्यासमोर उभे राहिले. हात रिकामे. म्हणाले, "एकदा जाऊन त्याले सांगून येतो. न सांगता बंद केलं, तर वाट पाहत राहील."

मी म्हटलं, "मी बी येते."

"तुले कसं जमेल?"

"मास्क लावते. नाही तर तुम्ही पुन्हा वाटी घेऊन जाल, भरवसा काय तुमचा?"

लोकेशनं हातात धरायचं छोटं सिलिंडर आणून दिलं, अन् आम्ही लिफ्टनं वर गेलो. गच्चीच्या दाराशी मी थांबली. पुढं जायची मनाई, अन् ताकद बी नाही. हे पुढं गेले. सोलरच्या पाट्यांवरून, टाकीवरून, कठड्यावरून सगळीकडून कबुतरं उडाली अन् यांच्याभोवती उतरली. पायाशी, पाट्यांवर, एक तर खांद्यावर. यांनी हलक्या हातानं ते उठवलं. पुढं एक तपकिरी पंखाचं चालत आलं. तेच असेल का, कोण जाणे. अशी खूप असतात.

यांनी दोन्ही रिकामे हात त्याच्यापुढं धरले.

"शिशिर," म्हणाले, "बेटा, आता..."

कबूतर मान हलवत हातांकडं पाहून राहिलं. हे पुन्हा म्हणाले, "बेटा, उद्यापासून..." अन् यांचे खांदे हलायले लागले. या माणसाचं पोरगं दुसऱ्यांदा जाऊन राहिलं होतं. पहिल्या वेळी ट्रकनं नेलं, तेव्हा कोणी यांले विचारलं नव्हतं. आता यांलेच तोंडानं म्हणायचं होतं की जा.

मले वाटलं, ओरडून सांगावं, राहू द्या हो, येऊ द्या त्याले. जाऊ दे माझी छाती. खरंच तोंडापर्यंत आलं होतं. तीन वर्षं ज्यांले शिव्या दिल्या, ज्यांनी माझा श्वास नेला, माझं घर नेलं, त्या कबुतरांमध्ये मी त्या क्षणी माझं पोरगं शोधून राहिली होती. एकदा, फक्त एकदा यांच्यासारखं मले बी दिसावं, असं वाटलं. मले दिसलं नाही. मले कबूतरच दिसलं.

पण हे तिथं हात पसरून उभे होते, अन् यांच्याच्यानं ते होणार नव्हतं. मी मास्क खाली ओढला.

"शिशिर," मी दारातून हाक मारली. किती दिवसांनी ते नाव मी मोठ्यानं घेतलं! "जा रे बाबा आता. तुझ्या बाबांनी शब्द पाळला. मी बरी आहे. जा तू, येऊ नको इथं."

माझ्या आवाजानं की काय, ती सगळी भरकन उडाली. वरून पिसं, भुकटा खाली आला. हे धावत माझ्याकडं आले, माझ्या तोंडावर मास्क दाबला, दार लावून घेतलं अन् मले धरून लिफ्टमध्ये आणलं. मी खोकत होती. हे माझी पाठ चोळत होते अन् रडत होते.

"समजलं असेल का त्याले?" यांनी विचारलं.

"समजलं."

"रागावला तर नसेल?"

डॉक्टरीण म्हणाली होती, जेवढं वाळलं तेवढं वापस येणार नाही. जे उरलं आहे त्यातलाच श्वास ओढून मी म्हटलं, "नाही हो. माझ्यावर तो कधी रागावला?"

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, अन् आपोआप बंद झालं. आम्ही दोघं आतच उभे होतो.